तीन मग पाणी

बाजारपेठेत त्याला खऱ्या नावाने कोणीच हाक मारत नसे. सगळे कानसेन म्हणत. तानसेन व्हायला गळा लागतो. याला देवाने कान दिला होता, आणि तोही असा की पाइप कुठे तुंबलाय ते भिंत न फोडता सांगावं. दुसरे प्लंबर बादल्या ओततात, पाइपात लांब तारेची स्प्रिंग घालतात, फरशा उखडतात आणि वर शहाणपणा शिकवतात. हा फक्त तीन मग पाणी ओतायचा. पहिला मग पाइप ओला करायला, दुसरा ऐकायला, तिसरा खात्री करायला. कान पाइपाच्या तोंडाशी न्यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "दोन हात खाली, वळणावर. केस अडकलेत." उघडून बघावं तर दोन हात खाली, वळणावर, केसांचा गोळा. चाळीस वर्षांत एकदाही चूक नाही असं तो स्वतः सांगायचा, आणि खोटं कशाला बोला, गिऱ्हाइकंही तेच सांगायची.

फक्त गेल्या वर्षभरात एक भानगड होऊन बसली होती. कानसेनाला ऐकू येईनासं झालं होतं.

आधी डावा कान गेला. उजवा आहे ना, मग कशाला बोभाटा, म्हणून हा गप्प बसला. मग उजवाही हळूहळू बसत गेला. डॉक्टरने तपासून यंत्र लावायला सांगितलं, तर हा पठ्ठ्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता कागद फाडून मोकळा. कानसेनाच्या कानात यंत्र? लोक तोंडावर हसतील, आणि मागे हसतील तेही यंत्रातून ऐकू येईल! त्यापेक्षा त्याने समोरच्याच्या ओठांकडे बघायची सवय लावून घेतली. ओठांवरून नाहीच कळलं तर एक ठेवणीतलं उत्तर होतं, "तेच तर म्हणतो मी!" हे उत्तर कुठेही चालतं. हवापाण्यापासून मयतापर्यंत कुठेही. लोकांना आपलं म्हणणं पटलेलं आवडतं, पुढे कोणी विचारत नाही. पाइपांचं काम तो जुन्या अंदाजावर निभावून न्यायचा.

आता तुम्ही म्हणाल, एवढी लपवाछपवी कशासाठी? तर भीतीपोटी. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. सकाळी उठायचं ते हत्यारांची पिशवी खांद्याला लावून बाहेर पडायचं म्हणून. ती पिशवी सुटली की उरल्या चार भिंती आणि त्यांच्याकडे बघत बसलेला एक बहिरा म्हातारा.

लेकीला मात्र संशय आला होताच. ती बापाचीच मुलगी, कान नसला तरी नाक तिखट. गेल्या आठवड्यात ती तरातरा घरी आली आणि त्याच्या समोर उभी राहून म्हणाली, "बाबा, तुम्ही फोन उचलत नाही. दार वाजवून वाजवून माझे हात दुखले. काहीतरी होतंय तुम्हाला, आणि तुम्ही सांगत नाही."

"मोबाइल बिघडलाय."

"दारही बिघडलंय का?" लेक कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "हे बघा, आमच्याकडे कपड्यांचं मशीन आलंय. दुकानाचा माणूस आठ दिवसांनी येणार. रविवारी तुम्ही या आणि जोडून द्या. सगळं नीट झालं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. काही गडबड झाली तर पिशवी खाली ठेवायची आणि आमच्याकडे राहायला यायचं. मंजूर?"

ओठ स्पष्ट दिसत होते, त्यामुळे शब्दन् शब्द कळला. कानसेन म्हणाला, "अगं, मशीनची नळी पाइपात सोडायची, त्यात गडबड व्हायला मी काय कालचा पोरगा आहे?"

रविवारी सकाळी तो लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या घरात हजर झाला. जावई कामावर गेला होता. घरात लेक, तिची सासू म्हणजे याच्या विहीणबाई, आणि दहा महिन्यांची नात. विहीणबाईंचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे त्या खुर्चीत बसून अख्ख्या घरावर नजर ठेवायच्या. नात नुकतीच रांगायला लागली होती. लाल रंगाचं काही दिसलं की सुसाट निघायची.

स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्यामध्ये एक चिंचोळा पॅसेज होता. तिथे मशीन उभं केलेलं. त्याच्या बाजूला फरशीतून कमरेएवढा उभा पाइप वर आलेला, खास मशीनचं पाणी सोडण्यासाठी ठेवलेला, वरून उघडा. मशीनच्या प्लगला तिथे जागा नव्हती, म्हणून लेकीने स्वयंपाकघरातून एक एक्स्टेंशन बोर्ड ओढून आणला होता. तो जमिनीवरच पडला होता आणि त्याचा लाल दिवा पेटलेला होता.

"हा बोर्ड खाली नको," कानसेन म्हणाला. "वर टांग."

"संध्याकाळी हे आले की टांगतील. खिळाच नाहीये."

"पाण्याच्या कामात वीज खाली ठेवू नये, एवढं लक्षात ठेव." एवढं बजावून तो पाइपाकडे वळला, आणि पाइपाचं तोंड बघताच त्याच्या कपाळाला आठी पडली. काठावर पांढरे ओघळ सुकलेले होते. पुट्टी! रंगारी काम आटपताना उरलीसुरली पुट्टी आणि ब्रश धुतलेलं पाणी जवळच्या भोकात ओतून पसार होतात, हे त्याने शंभर घरांत पाहिलं होतं. ती आत जाऊन दगड होते. आणि मशीनचा पंप काही मगाने पाणी ओतत नाही, मिनिटाला बादलीभर ढकलतो. अर्धवट तुंबलेल्या पाइपाला ते झेपत नाही.

स्प्रिंग पिशवीत नव्हती. स्प्रिंग त्याने कधी बाळगलीच नव्हती. ज्याला कान नाही त्याने स्प्रिंग ठेवावी, असं तोच चार लोकांत सांगत आला होता.

"पाण्याचा मग आण," तो म्हणाला.

लेकीचा चेहरा खुलला. ती सासूकडे वळून काहीतरी म्हणाली, ते त्याला पाठीमागून कळलं नाही, पण हातवाऱ्यांवरून कळलं. आता बघा, आता माझे बाबा कान लावतील. लग्न झाल्यापासून तिने सासरी या तीन मगांची गोष्ट किती वेळा सांगितली असेल देव जाणे. विहीणबाईंनी खुर्ची पुढे सरकवून घेतली. लेकीने मोबाइल काढून धरला, नवऱ्याला दाखवायला.

त्याने पहिला मग ओतला. दुसरा ओतला आणि वाकून उजवा कान पाइपाच्या तोंडाशी नेला. डोळे मिटले. आत काहीच नव्हतं. पाणी नाही, गुडगुड नाही, खळखळ नाही. नुसतं त्याचं स्वतःचं काळीज धडधडत होतं. त्याने तिसरा मग ओतला, पुन्हा कान लावला, आणि पुन्हा तेच.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. "पोरी, मला कळत नाहीये, बादली आण," एवढंच. पण डोळे उघडले तर समोर लेकीचा तो चेहरा! लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून ती अशीच बघायची. कानसेन उभा राहिला, हात पुसले आणि म्हणाला, "मोकळा आहे. एकदम स्वच्छ."

विहीणबाई काहीतरी म्हणाल्या. त्यांची भुवई वर गेलेली होती आणि बोट पाइपाकडे होतं, पण मान अर्धी वळलेली, ओठ नीट दिसेनात.

"तेच तर म्हणतो मी!" कानसेन म्हणाला.

विहीणबाई चमकल्या. त्यांनी सुनेकडे बघितलं, सुनेने खांदे उडवले. नंतर कळलं ते असं, की विहीणबाई म्हणाल्या होत्या, "अहो व्याही, आतून गुडगुड आवाज आला ना, घसा धरल्यासारखा?" ज्या आवाजावरून कानसेनाने चाळीस वर्षं पोट भरलं, तो आवाज त्या दिवशी पाइपाने दिला होता. घरात सगळ्यांना ऐकू आला. फक्त ज्याच्यासाठी होता त्याला सोडून.

मग तो कामाला लागला, आणि कामात त्याचा हात अजून पक्का होता. मशीनच्या मागची नळी सोडवली, तिला प्लॅस्टिकचा आकडा चढवला आणि ती वीतभर पाइपात सोडली.

"सैल राहिली की बाबा," लेक समोर येऊन म्हणाली. "टेप लावून बंद करा ना."

"टेप लावतो तो गाढव. पाणी आत जायचं तर हवेला बाहेर यायला वाट नको? पाइपाचा श्वास कोंडला की पाणी परत मशीनमध्ये चढतं." त्याने नळी पट्टीने पाइपाला बांधली, ओढून बघितली, मशीन हलवून चारही पाय टेकवले. "लाव आता."

लेकीने कपडे टाकले, दार लावलं, बटण दाबलं. मशीनवर मिनिटांचे आकडे पेटले. पहिलं पाणी सोडायला बावीस मिनिटं होती.

ती बावीस मिनिटं कशी गेली ते त्याचं त्याला ठाऊक. चहा आला. विहीणबाई बोलत होत्या, हा मान हलवत होता आणि नजर त्या आकड्यांवर होती. एकोणीस. सोळा. मनात एक म्हणत होता, अरे जाईल पाणी, दरवेळी काय पुट्टी अडकते? दुसरा म्हणत होता, ते ओघळ तू डोळ्यांनी पाहिलेस, लेका. तेरा. आताही मशीन थांबवता येईल. काय सांगायचं? की ऐकलं ते खोटं? म्हणजे मग सगळंच खोटं? दहा. चहा निवून साय धरली तरी कप हातातच होता.

नात खोलीतून रांगत आली, त्याच्या पायाशी बसली आणि त्याच्या पायजम्याला धरून उभी राहायला बघू लागली. त्याने तिला उचलून विहीणबाईंच्या मांडीवर दिलं.

"मी जरा तिथे थांबतो," तो म्हणाला. "पहिलं पाणी स्वतः बघावं."

तो पॅसेजमध्ये गेला आणि पाइपाशेजारी उकिडवा बसला. पाठ स्वयंपाकघराकडे, तोंड भिंतीकडे. लेक धुतलेली भांडी लावत होती. त्याने उजवा तळवा पाइपावर ठेवला. कान नाही तर निदान हाताला तरी काही कळेल. तीन. दोन. एक.

पंप सुरू झाला तो त्याला तळव्यातच कळला. पाइप थरथरला आणि पाणी खाली गेलं. गेलं! त्याचा श्वास सुटला. जातंय की! उगाच जीव टांगणीला लावला होता. पाच सेकंद, सात, आठ. मग तळव्याखालची थरथर एकदम जड झाली, आणि पाइपाच्या तोंडाशी फेसाळ, पांढुरकं पाणी दिसलं. ते वर चढत होतं.

मशीनचं बटण त्याच्या कोपरापासून हातभर होतं. ते दाबलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण त्या क्षणी त्याच्या मनात काय आलं, तर एक मिनिटाचा तर प्रश्न आहे. पंप एक मिनिट चालतो. तेवढं धरून ठेवलं तर कोणाला कळणारही नाही. आणि कानसेनाने दोन्ही हातांनी पाइपाचं तोंड दाबून धरलं.

पाणी असं ऐकतं होय? ते बोटांच्या फटींतून उसळलं, छातीवर आलं, मनगटांवरून घरंगळून फरशीवर पसरलं. त्याने अंगाचा भार टाकून नळी आणखी खाली रेटली. गुडघे भिजले. पाणी त्याच्या मागे कुठवर गेलं ते त्याने वळून बघितलं नाही. तो मनातल्या मनात मोजत होता, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस.

तेवढ्यात त्याच्या पाठीवर काहीतरी जोरात आदळलं. लेकीचा गुडघा होता. तिचा हात त्याच्या खांद्यामागून खाली गेला आणि झटक्यात वर आला. त्या हातात नात होती, ओल्या हातापायांची. मग मशीनचे आकडे विझले. बोर्डचा लाल दिवाही विझला. पाइपातलं पाणी हळूहळू बसलं.

तो वळला. फरशीवर बोटभर पाणी होतं आणि बोर्ड त्या पाण्यात होता. बोर्डापासून अर्ध्या हातावर पाण्यावरच्या फेसात लहान तळव्याचा माग उमटला होता. लेक स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभी होती, एक हात अजून भिंतीवरच्या मोठ्या बटणावर, दुसऱ्यात पोर. पोर तोंड वासून रडत होती, लालबुंद झाली होती, तिची जीभसुद्धा दिसत होती. आणि त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. या पोरीचं रडणं आपण एकदाही धड ऐकलेलं नाही, हे पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं, आणि त्याला भडभडून आलं.

लेकीचे ओठ हलले. "चार वेळा ओरडले मी. बटण दाबा, बटण दाबा, पोर बोर्डाकडे चाललीय."

"पाण्याचा आवाज केवढा होता," तो म्हणाला. "रंगाऱ्यांनी पुट्टी ओतलीय आत, मेल्यांनी. अशा पाइपाला कोण काय करणार?"

लेकीने पोरीचा चेहरा पुसला. तो घाईघाईने खाली वाकला आणि बोर्ड उचलून कोरड्या जागी ठेवला. मग पिशवी उचलली, पक्कड आत टाकली. हाताला काहीतरी काम हवं होतं. विहीणबाई उठून दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, अगदी त्याच्या समोर. मघाशी त्यांच्या मांडीवरून पोर सटकली, आणि गुडघ्यांनी दगा दिला. चेहरा पांढराफटक पडला होता.

एकदम त्यांचा हात तोंडावर गेला. त्यांनी त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा मागे. मग त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, उत्तराची वाट बघावी तशा.

पाठीमागे काहीतरी बोललं गेलं होतं.

काहीतरी असं, की ज्यावर बापाने काही न बोलणं विहीणबाईंना सहन होईना. ठेवणीतलं उत्तर त्याच्या जिभेवर आलं, सवयीने. ते त्याने गिळलं. त्याने पिशवी फरशीवर ठेवली आणि हळूच वळला. लेकीच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"काय म्हणालीस?"

तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

"समोर येऊन बोल, बाळा. मला ऐकू येत नाही." एवढं बोलून तो थांबला. वर्षभरात हे वाक्य त्याने आरशासमोरसुद्धा म्हटलं नव्हतं. "दोन्ही कानांनी नाही. मघाशी पाइपाचंही काही ऐकलं नाही मी. मोकळा आहे म्हणालो ते खोटं बोललो."

लेक पोरीला घेऊन पाण्यातून चालत आली. अगदी जवळ, दोन वितींवर येऊन थांबली. तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं, म्हणजे तोंड मोकळं राहील. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मी म्हणाले, तुमचा कान माझ्या पोरीपेक्षा मोठा झाला का, बाबा?"

कानसेनाने तो प्रश्न पुरता वाचला. सांगायला खूप काही होतं. रिकामी खोली होती, बायकोची खाट होती, चाळीस वर्षांचं नाव होतं. यातलं काहीही त्या ओल्या इवल्या तळव्यासमोर ठेवण्यासारखं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "आज झाला."

लेकीने डोळे मिटून घेतले. कदाचित तिला वाटलं असेल की तो नाही म्हणेल, मग ती आणखी ओरडेल, मग रडारड होईल आणि मिटेल. हो म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं ते तिला सुचेना. तिने पोरीला सासूकडे दिलं, बाथरूममधून दोन फडकी आणली आणि एक त्याच्या अंगावर फेकलं.

"पुसा."

तो गुडघे टेकून पुसायला लागला. बादली मध्ये ठेवली होती. लेक त्याच्या पाठीशी बसून पुसू लागली, सवयीने, दोघांनी दोन बाजू घ्याव्यात तशी. मग थांबली. उठली, वळसा घालून आली आणि त्याच्या तोंडासमोर फतकल मारून बसली.

आणि पुसता पुसता ती त्याला बोलली. खोटारडे म्हणाली. आई असती तर तिने लाटणं घेतलं असतं म्हणाली. उद्या डॉक्टर, परवा यंत्र, आणि पिशवीचं काय करायचं ते मी ठरवीन, तुम्ही नाही, असंही म्हणाली. मध्येच हुंदका आला की ती थांबायची, फडकं पिळायची आणि मागचं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तोही पिळायचं थांबून तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. फरशी कोरडी व्हायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात ती जे जे बोलली, त्यातला एक शब्दही त्याचा चुकला नाही.